जुनी लायनर बोट पुन्हा सफरीला निघू शकते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एसएस युनायटेड स्टेट्स ही जुनी अमेरिकी प्रवासी बोट समुद्रतळावर बुडवली जाण्यासाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या धक्क्यावरून शेवटची हलली आणि तेव्हापासून एकाच धाटणीचे प्रश्न येत राहिले: एवढी देखणी बोट दुरुस्त करून चालवली का नाही? त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ओशन लायनर आणि क्रूझ जहाज यांत फरक काय? दोन्ही प्रवाशांचीच जहाजं ना?

लायनर म्हणजे ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या तारखेला माणसं आणि टपाल पोचवणारी बोट. विमानप्रवास सर्वांच्या आवाक्यात येण्यापूर्वी महासागर ओलांडायचा तो हिनंच. जानेवारीतल्या उत्तर अटलांटिकमध्येही वेळापत्रक पाळायचं असल्यामुळे तिची बांधणीच वेगळी असे: लांब निमुळती नाळ (बोटीचं पुढचं टोक), जाड पोलाद, पाण्यात खोल बसणारा तळ आणि भरपूर ताकदीची इंजिनं.

क्रूझ जहाजाला कुठे पोचण्याची घाई नसते. ते उथळ बंदरांत शिरू शकतं, त्याला खोल्या जास्त असतात, त्यांतल्या बहुतेकींना बाल्कनी असते आणि इंधन बेताचं लागतं. लायनरची क्रूझ करायची म्हणजे एका कामासाठी घडवलेला देह दुसऱ्या कामाला जुंपायचा. पुढच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

२. एसएस युनायटेड स्टेट्सचं एवढं कौतुक कशासाठी?

तिच्यासारखी दुसरी झाली नाही, म्हणून. विल्यम फ्रान्सिस गिब्ज या अभियंत्यानं आयुष्यभर मनात बाळगलेली ही बोट व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूजच्या गोदीत बांधली गेली. लांबी ९९० फूट, म्हणजे सुमारे ३०२ मीटर. खर्च पावणेआठ कोटी डॉलरच्या वर गेला आणि त्यातला मोठा वाटा अमेरिकी सरकारनं उचलला. युद्ध झालंच तर तिच्यातून १४-१५ हजार सैनिक नेता यावेत ही त्यामागची अट होती.

जुलै १९५२ मधल्या पहिल्याच फेरीत तिनं न्यूयॉर्कहून इंग्लंडच्या टोकाशी असलेल्या बिशप रॉकपर्यंतचं अंतर ३ दिवस १० तास ४० मिनिटांत कापलं. सरासरी वेग ३५.५९ नॉट, म्हणजे ताशी जवळजवळ ६६ किलोमीटर. क्वीन मेरी या ब्रिटिश लायनरचा विक्रम तिनं तब्बल १० तासांनी मोडला. चाचणीत ती ३८ नॉटच्याही पुढे गेली होती, पण लष्करी गुपित म्हणून तो आकडा बरीच वर्षं बाहेर आला नाही.

गिब्जला आगीची धास्ती होती. त्यामुळे बोटीत लाकूड जवळपास नव्हतंच, अपवाद खाटिकखान्याच्या ठोकळ्याचा आणि पियानोचा. वजन वाचवण्यासाठी वरचे मजले अॅल्युमिनियमचे होते. या दोन्ही निर्णयांमुळे ती वेगवान आणि सुरक्षित झाली, पण साठ वर्षांनी तेच निर्णय दुरुस्तीच्या आड आले (प्रश्न ५ आणि ९).

३. मग ती थांबली कधी? आणि इतकी वर्षं नुसती उभी कशी राहिली?

नोव्हेंबर १९६९ मध्ये सेवेतून निघाली. जेट विमानानं अटलांटिक सहा-सात तासांत ओलांडता येऊ लागल्यावर साडेतीन दिवसांची बोट कोण धरणार? सरकारी अनुदान आटलं आणि मालकांनी तिला नांगरून ठेवलं.

त्यानंतर ती हातोहात फिरली. १९७८ मध्ये एका खरेदीदारानं तरंगत्या सुट्टीघराची योजना मांडली. १९८४ मध्ये आतलं सामान, खुर्च्यांपासून भांड्यांपर्यंत, लिलावात विकलं गेलं. १९९२ मध्ये नवे मालक आले आणि बोट ओढत आधी तुर्कस्तानला, मग सेवास्तोपोलला नेली गेली. तिथे अॅस्बेस्टॉस काढलं (प्रश्न ९). १९९६ मध्ये ती फिलाडेल्फियात परतली, तेव्हा आतून पार रिकामी होती. २००३ मध्ये नॉर्वेजियन क्रूझ लाइननं ती घेतली आणि २०११ मध्ये एसएस युनायटेड स्टेट्स कॉन्झर्व्हन्सी या संस्थेनं ३० लाख डॉलरना ती भंगारातून वाचवली. त्यासाठी लागलेली रक्कम फिलाडेल्फियाचे दानशूर गेरी लेनफेस्ट यांनी दिली. गिब्जची नात सुझन गिब्ज या संस्थेची अध्यक्ष होती.

दर मालकानं मनापासून काहीतरी ठरवलं होतं, असं मी मानते. पण प्रत्येक योजना बारगळेपर्यंत पाच-सात वर्षं जात आणि तेवढ्यात बोट आणखी एक पायरी खाली उतरलेली असे.

४. २०१६ मध्ये एक कंपनी तिला पुन्हा चालवणार होती ना?

हो. फेब्रुवारी २०१६ मध्ये क्रिस्टल क्रूझेस कंपनीनं घोषणा केली: सुमारे ७० कोटी डॉलर खर्च, ४०० प्रशस्त स्वीट, ८०० प्रवासी. दोन लाल-पांढऱ्या-निळ्या धुरांड्यांचं बाह्यरूप तसंच ठेवायचं होतं. आधी नऊ महिन्यांचा व्यवहार्यता अभ्यास व्हायचा होता आणि त्या काळातला धक्क्याचा खर्च कंपनी उचलणार होती.

ऑगस्ट २०१६ मध्येच कंपनीनं माघार घेतली. अभ्यासाचा निष्कर्ष वाचताना आजही गलबलून येतं, कारण त्यात पहिलंच वाक्य चांगलं होतं: वय पाहता बोटीचा पोलादी सांगाडा उत्तम स्थितीत आहे. घोडं अडलं ते पुढच्या वाक्यात, आणि त्याची फोड पुढच्या उत्तरात आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. क्रिस्टलची तेव्हाची मालक असलेली गेंटिंग हाँगकाँग ही कंपनीच जानेवारी २०२२ मध्ये कोसळली. काम सुरू झालं असतं तरी ते कोणाच्या हाती पडलं असतं, हा प्रश्न उरतोच.

५. सांगाडा उत्तम होता तर अडलं कुठे?

इंजिनघरात. बोटीला आठ बॉयलर, वाफेच्या टर्बाइन आणि चार प्रोपेलर अशी २ लाख ४० हजार अश्वशक्तीची यंत्रणा होती. आज एवढी वाफ आणि एवढं इंधन जाळून पर्यटकांना फिरवणं परवडत नाही. म्हणजे डिझेल-इलेक्ट्रिक यंत्रणा हवी. तिच्यासाठी प्रोपेलर फिरवणाऱ्या चार शाफ्टऐवजी (दांड्यांऐवजी) दोन शाफ्टची रचना करायची, आणि ती बसवायची तर सांगाड्याचा सुमारे चौथा हिस्सा कापून नव्यानं बांधायचा, असं अभ्यासात निघालं.

आता तोल पाहा. लायनरचा तोल तिच्या तळाशी असलेल्या जड यंत्रणेवर सांभाळलेला असतो. जुनी यंत्रणा काढली, वर स्वीट आणि तरणतलाव चढवले, की गुरुत्वमध्य वर सरकतो. ते भरून काढायला तळात वजन घालावं लागतं, त्यामुळे बोट आणखी खोल बसते आणि आणखी बंदरं हातची जातात. शिवाय अपघातात पाणी शिरल्यावर जहाजानं किती तग धरावा याचे आजचे निकष १९५२ मधल्या निकषांहून पुष्कळ कडक आहेत.

पोलादी सांगाडा आणि अॅल्युमिनियमचे वरचे मजले जोडलेली जागा हाही नाजूक मामला. खाऱ्या हवेत दोन धातू एकमेकांना लागून राहिले की अॅल्युमिनियम खात जातं. मूळ बांधणीत मध्ये विलगीकरण केलेलं असतं, पण दशकानुदशकं देखभालीविना गेल्यावर त्या प्रत्येक जोडाकडे नव्यानं पाहावं लागतं.

६. जुन्या बोटीला जुनेच नियम लागू होतात, असं ऐकलंय. मग ही अडचण का?

अर्धं खरं आहे. समुद्रावरच्या जीवितसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार, ज्याला सगळे सोलास म्हणतात, त्यात बरेच नियम जहाज कधी बांधलं यावर ठरतात. चालू असलेल्या जुन्या जहाजाला त्यामुळे काही सवलत मिळते.

पण या सवलतीला तीन कुंपणं आहेत. एक, मोठं रूपांतर केलं की बदललेल्या भागांना नवे नियम लागतात, आणि आपण तर चौथा हिस्सा बदलतोय. दोन, काही नियम जुन्या जहाजांनाही मागाहून लागू झाले. त्यातला सर्वात मोठा घाव ऑक्टोबर २०१० चा: ज्वालाग्राही लाकडी सजावटीवर आलेल्या बंधनांमुळे पन्नास-साठच्या दशकांतल्या कितीतरी सुंदर बोटी एका फटक्यात निवृत्त झाल्या. तीन, इंधन आणि धुराचे नियम जहाजाचं वय विचारत नाहीत. जानेवारी २०२० पासून जगभर इंधनातल्या गंधकाची मर्यादा ०.५ टक्के आहे आणि अमेरिकेच्या किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात ती ०.१ टक्के आहे.

त्यातच जे जहाज दशकानुदशकं प्रमाणपत्राविना उभं आहे, त्याला "आम्ही जुनेच" हा दावा करणंही अवघड. झेंडा देणारा देश आणि तपासणी करणारी वर्गीकरण संस्था दोघांचं समाधान करावं लागतं.

७. तरी नवीन जहाज बांधण्यापेक्षा स्वस्तच पडत असेल ना?

नाही. ७० कोटी डॉलरमध्ये ८०० प्रवासी, हे गणित पाहा. तेवढ्या पैशात गोदीतून कोरं जहाज मिळू शकतं, त्याला हमी मिळते, कर्ज मिळतं, विमा मिळतो. जुन्या बोटीत पोलाद कापेपर्यंत आत काय निघेल ते कळत नाही, म्हणून गोदी ठरावीक किमतीला काम घ्यायला तयार नसते आणि बँक हात आखडता घेते. माझ्या मते जुनी बोट चालवायची ती तिच्यावर जीव आहे म्हणून आणि त्या मायेसाठी जास्त भाडं देणारे प्रवासी आहेत म्हणून. बचत होईल या आशेनं कोणी त्यात पडू नये.

८. असं रूपांतर कधी यशस्वी झालंय का?

झालंय, आणि दोन उदाहरणं तर दणदणीत आहेत.

पहिलं एसएस फ्रान्सचं. सेंट-नझेरच्या गोदीत बांधलेली, १९६२ मध्ये ल हाव्र ते न्यूयॉर्क अशी पहिली फेरी केलेली, ३१६ मीटर लांबीची ही बोट त्या काळची सर्वात लांब प्रवासी बोट होती. १९७४ मध्ये सरकारनं पैसे थांबवले. खलाशांनी तिचा ताबा घेऊन ती ल हाव्रच्या प्रवेशमार्गातच रोखून धरली, तरी निर्णय फिरला नाही. पाच वर्षं ती एका आडबाजूच्या धक्क्याला पडून होती. १९७९ मध्ये नॉर्वेच्या क्नुट क्लोस्टर या जहाजमालकानं ती १ कोटी ८० लाख डॉलरना घेतली, ब्रेमरहाफेनच्या गोदीत नेली आणि त्याच्या कितीतरी पट रक्कम तिच्यावर ओतली.

क्लोस्टरच्या माणसांनी केलं काय, तर तिचा वेग जाणूनबुजून मारला. पुढचं इंजिनघर बंद केलं, चारपैकी दोन प्रोपेलर काढले. कॅरिबियन बेटांमध्ये फिरायला ३० नॉटची गरजच नव्हती आणि इंधन वाचत होतं. बंदरात टगशिवाय (ओढून नेणाऱ्या छोट्या बोटीशिवाय) वळता यावं म्हणून आडवे प्रोपेलर बसवले. बंदिस्त डेक उघडे केले, कारण अटलांटिकच्या गारठ्यासाठी बांधलेल्या बोटीवर ऊन खायला जागाच नव्हती. ती इतकी खोल बसे की बऱ्याच बेटांच्या धक्क्याला लागू शकत नव्हती. म्हणून तिच्या पुढच्या डेकवरच दोन मोठ्या होड्या ठेवल्या. त्या खाली उतरवून प्रवाशांना किनाऱ्यावर नेत. १९८० मध्ये ती 'नॉर्वे' नावानं मायामीहून निघाली आणि दोन दशकांहून जास्त चालली. मोठं जहाज हेच प्रवाशांचं ठिकाण होऊ शकतं, ही आजच्या अजस्र क्रूझ जहाजांमागची कल्पना तिनंच रुजवली.

दुसरं क्वीन एलिझाबेथ २ चं. १९६९ पासून वाफेवर चालणाऱ्या या बोटीची संपूर्ण यंत्रणा १९८६-८७ च्या हिवाळ्यात, त्याच ब्रेमरहाफेनमध्ये, सहा महिन्यांत बदलली. वाफेच्या जागी नऊ डिझेल इंजिनं आली आणि त्यांच्या विजेवर फिरणाऱ्या दोन प्रचंड मोटरी. खर्च दहा कोटी पौंडांच्या घरात गेला. नऊ इंजिनांचा धूर काढायचा म्हणून धुरांडंही जाड करावं लागलं. इंधनात सुमारे एक तृतीयांश बचत झाली आणि वेग ३० नॉटच्या वरच राहिला. पुढे २००८ पर्यंत ती जग फिरली.

या दोन्हींत समान धागा आहे आणि मला सगळ्यात जास्त तोच सांगायचा आहे. क्वीन एलिझाबेथ २ चालती होती. फ्रान्स पाच वर्षं बंद होती, पण आतलं सामान, यंत्रं, तारा, नळ सगळं जागेवर होतं आणि तिला ओळखणारे अभियंते हयात होते. एसएस युनायटेड स्टेट्सबाबत गंभीर अभ्यास झाला तो ४७ वर्षांनी. राहता वाडा शंभर वर्षं टिकतो, तोच कुलूप लावून ठेवला की दहा पावसाळ्यांत ढासळतो, बोटीचंही तसंच. निवृत्तीनंतरची पहिली पाच-सात वर्षं हातची गेली की पुढे कितीही पैसा आणा, तो पुनरुज्जीवनावर न जाता जवळजवळ नव्या बांधणीवर जातो.

९. अॅस्बेस्टॉस एवढी मोठी अडचण आहे का? झाकून ठेवलं तर चालत नाही का?

आग न लागणारं, स्वस्त आणि तेव्हा निर्धोक समजलं जाणारं म्हणून त्या काळच्या जहाजांत ते सर्रास असे: नळांभोवती, भिंतींच्या पाट्यांत, बॉयलरच्या आवरणात. न हललेलं, नीट झाकलेलं अॅस्बेस्टॉस लगेच घातक नसतं. पण रूपांतर म्हणजे कापाकापी, आणि कापताना उडणारे तंतू फुप्फुसात जाऊन वर्षांनी जीव घेतात. त्यामुळे ते आधी काढावंच लागतं. एसएस युनायटेड स्टेट्समधून ते काढलं गेलं, मात्र त्यासोबत आतल्या भिंती, खोल्या, वायरिंग, सगळंच गेलं. एक अडचण सुटली, पण जपायचं म्हणावं असं आत काही उरलं नाही.

१०. नॉर्वे बोटीवर स्फोट झाला होता ना? म्हणजे जुनी वाफेची बोट धोक्याचीच?

२५ मे २००३ रोजी मायामी बंदरात तिचा एक बॉयलर फुटला आणि ८ कर्मचारी मृत्युमुखी पडले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात बॉयलरचं चालवणं, देखभाल आणि तपासणी या तिन्हींतल्या त्रुटींवर बोट ठेवलं गेलं. सतत गरम-थंड होऊन धातूला भेगा पडल्या होत्या.

म्हणजे दोष नुसत्या वयाचा नव्हता, वयाला लागणाऱ्या काळजीचा होता. पण ती काळजी घेणारे, उच्च दाबाच्या वाफेवर हात बसलेले अभियंते आता फार थोडे उरले आहेत. क्वीन एलिझाबेथ २ च्या मालकांनी वाफ वेळीच सोडली, त्यामागचं शहाणपण इथे दिसतं.

११. नॉर्वे बोट अलंगला तोडली गेली हे खरं का?

खरं आहे. स्फोटानंतर नॉर्वे पुन्हा चालली नाही. 'ब्लू लेडी' असं नाव घेऊन २००६ मध्ये ती गुजरातेत पोचली. तिच्यातल्या शेकडो टन अॅस्बेस्टॉसवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयानं तोडण्याची परवानगी दिली आणि अलंगच्या वाळूत तिचा शेवट झाला. नाळेचं टोक तेवढं कापून फ्रान्सला नेलं गेलं.

तिथल्या कामगारांचा विचार या विषयावरच्या चर्चांत फार थोडे लोक करतात. युरोपात जन्मलेल्या, अमेरिकेत कमाई केलेल्या बोटीचं विष शेवटी आपल्याकडच्या मजुरांच्या वाट्याला येतं. जहाजतोडणीसाठीचा हाँगकाँग करार जून २०२५ मध्ये अमलात आला आहे. त्याची अंमलबजावणी नीट झाली तर पुढच्या बोटींच्या वेळी चित्र वेगळं असू शकतं.

१२. राष्ट्रीय वारसा यादीत नाव असताना एसएस युनायटेड स्टेट्स बुडवायची परवानगी मिळते कशी?

अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत तिचं नाव १९९९ मध्ये आलं. पण ही नोंद मानाची आहे. खासगी मालकानं स्वतःच्या पैशानं मालमत्तेचं काय करायचं, याला ती बंदी घालत नाही. धक्क्याचं भाडं, विमा, रंगकाम यांसाठी पैसेही देत नाही.

शेवटी प्रश्न आला तो भाड्याचाच. २०२१ मध्ये फिलाडेल्फियाच्या धक्का-मालकांनी भाडं दुप्पट केलं, दिवसाला १,७०० डॉलर. प्रकरण न्यायालयात गेलं. जून २०२४ मध्ये वाढीव भाड्याची मागणी फेटाळली गेली, पण बोटीला तीन महिन्यांत जागा सोडायला सांगितलं गेलं. एवढ्या लांबीच्या बोटीला दुसरा धक्का मिळाला नाही. फ्लोरिडातल्या ओकालूसा काउंटीनं (तिथल्या जिल्हा प्रशासनानं) तिला कृत्रिम रीफ करण्यासाठी, म्हणजे समुद्रतळावर बुडवून माशांचा निवारा करण्यासाठी, १० लाख डॉलरना घेतलं. १९ फेब्रुवारी २०२५ ला ती निघाली आणि ३ मार्चला अलाबामातल्या मोबाईल नावाच्या बंदरात सफाईसाठी पोचली.

१३. समुद्रात बुडवणं ही विटंबना नाही का? भंगारात दिली असती तर निदान पोलाद तरी वापरात आलं असतं.

या प्रश्नावर बोटप्रेमींमध्ये उभी फूट आहे. मला विचाराल तर भंगारापेक्षा रीफ बरी. भंगारात बोट काही महिन्यांत नाहीशी होते. रीफ म्हणून तिचा आकार शिल्लक राहतो, मासे आणि पाणबुडे येतात, आणि ओकालूसाच्या करारात किनाऱ्यावरच्या संग्रहालयाचीही तरतूद आहे. २००६ मध्ये पेन्साकोलाजवळ बुडवलेली ओरिस्कानी ही विमानवाहू नौका आज पाणबुड्यांचं आवडतं ठिकाण आहे. मात्र बुडवण्याआधी तेल, विषारी रंग, वायरींमधली रसायनं काढणं हे काम प्रामाणिकपणे झालं पाहिजे. त्यात कसर राहिली तर समुद्रावर अन्याय होतो.

१४. हॉटेल करणं सोपं असतं का?

क्रूझपेक्षा खूप सोपं. धक्क्याला कायमच्या बांधलेल्या बोटीला सोलासऐवजी किनाऱ्यावरच्या इमारतींचे आणि अग्निशमनाचे नियम लागतात. इंजिन लागत नाही. लाँग बीचची क्वीन मेरी १९६७ पासून, रॉटरडॅम शहरातली एसएस रॉटरडॅम २०१० पासून आणि दुबईच्या पोर्ट रशीदमधली क्वीन एलिझाबेथ २ ही २०१८ पासून अशी उभी आहे. दुबईत राहणाऱ्या किंवा तिथून जाणाऱ्या मराठी मंडळींना खरी लायनर आतून पाहायची सर्वात जवळची संधी तीच.

पण सोपं म्हणजे फुकट नाही. पाण्यात उभ्या पोलादाला गंज लागतोच आणि सुकी गोदी परवडत नाही. क्वीन मेरीच्या दुरुस्तीचं ओझं अखेर लाँग बीच शहरावरच आलं.

१५. यंत्रं बदलली, खोल्या बदलल्या, तरी ती 'तीच' बोट म्हणायची का?

याचं टोकाचं उदाहरण स्टॉकहोम. १९४८ मधली ही स्वीडिश लायनर जुलै १९५६ मध्ये आंद्रेआ दोरियाला धडकली आणि ती इटालियन बोट बुडाली. स्टॉकहोम मात्र वाचली. १९९० च्या दशकात इटलीत तिचा फक्त पोलादी सांगाडा ठेवून बाकी सगळं नवं बांधलं. बाहेरून ओळखूही येत नव्हती. वेगवेगळ्या नावांनी, शेवटी 'अस्टोरिया' म्हणून, ती २०२० पर्यंत सफरी करत होती. २०२५ मध्ये बेल्जियममध्ये ती भंगारात गेली.

मी तिला तीच बोट मानते. नाळ तीच होती, पाणी कापण्याची ढब तीच होती. केबिनचं फर्निचर तर चालू लायनरमध्येही दर काही वर्षांनी बदलत असे.

१६. मुंबईला येणाऱ्या जुन्या बोटींपैकी एखादी उरली आहे का?

बॅलार्ड पिअरवरून विलायतेला जाणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या मोठ्या बोटींपैकी एकही नाही. १९३१ च्या गोलमेज परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मुलतान बोटीनं गेले ती १९५४ मध्ये भंगारात निघाली. त्याच महिन्यात गांधीजी ज्या राजपुताना बोटीनं गेले ती १९४१ मध्ये आइसलंडजवळ पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. मुंबई मार्गासाठी १९२९ मध्ये आलेली, विजेच्या मोटरींवर चालणारी व्हाइसरॉय ऑफ इंडिया १९४२ मध्ये अल्जीरियाजवळ गेली. तिची यंत्रणा त्या काळात फार पुढची होती.

आजोबा-पणजोबा बोटीनं विलायतेला गेल्याचं घरात सांगतात, पण बोटीचं नाव माहीत नाही, अशी पत्रं बरीच येतात. ब्रिटनमध्ये उतरलेल्या प्रवाशांच्या १९६० पर्यंतच्या याद्या लंडनजवळच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. नाव, वय आणि साधारण वर्ष हाताशी असेल तर शोध घेता येतो.

१७. आपल्याकडे विक्रांतचं संग्रहालय होतं, ते का टिकलं नाही?

ती लायनर नव्हती, विमानवाहू युद्धनौका होती, पण दुखणं तेच. आयएनएस विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षं लोकांसाठी खुली होती, २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून बंद झाली आणि २०१४ मध्ये मुंबईतल्याच दारूखाना भागात तोडायला गेली. कायमची जागा आणि दरवर्षीच्या खर्चाची व्यवस्था निवृत्तीच्या दिवशीच ठरलेली नव्हती. प्रश्न ८ मध्ये म्हटलेली पहिली काही वर्षं इथेही विचारविनिमयात गेली.

१८. टायटॅनिक दुसरी बांधणार होते, त्याचं काय झालं?

ऑस्ट्रेलियाचे उद्योजक क्लाइव्ह पामर यांनी २०१२ मध्ये आणि त्यानंतर पुन्हा पुन्हा ती घोषणा केली. बोट बांधली गेलेली नाही. तशीही ती जुन्या रूपाची नवी बोट झाली असती, त्यामुळे या पानावरच्या विषयात ती बसत नाही.

१९. मला खऱ्या लायनरनं प्रवास करायचाय. आज काय पर्याय आहे?

क्वीन मेरी २. जानेवारी २००४ पासून चालू आहे, ३४५ मीटर लांब आहे आणि साउदॅम्प्टन–न्यूयॉर्क फेऱ्या नेमानं करते. ती नवी असली तरी बांधणी लायनरची आहे: खोल तळ, जाड पोलाद, लांब नाळ. फेरी साधारण सात रात्रींची असते, मुद्दाम सावकाश. हिवाळ्यातली फेरी घेतली तर समुद्र उसळलेला असू शकतो, पण लायनर कशासाठी बांधतात हे त्याच फेरीत कळतं.

२०. आता एखादी जुनी लायनर क्रूझसाठी परत आणता येईल, अशी आशा आहे का?

उरलेल्या मोठ्या बोटींत क्वीन एलिझाबेथ २ सर्वात धाकटी, आणि डिझेल यंत्रणेमुळे वाफेचा प्रश्न तिला नाही. पण २००८ पासून ती खुल्या समुद्रात गेलेली नाही, हॉटेलसाठी तिच्यात बदल झाले आहेत आणि तिला प्रश्न ६ मधल्या सगळ्या अटी पार कराव्या लागतील. क्वीन मेरीचे बॉयलर फार पूर्वीच काढून टाकले. एसएस रॉटरडॅम उत्तम जपलेली आहे, पण शहरानं तिला सामावून घेतलंय आणि ती तिथेच शोभते.

तेव्हा या तिघींच्या बाबतीत मी पाठपुरावा करते तो सफरीचा नाही, नियमित रंगकामाचा, तळाच्या पोलादाच्या तपासणीचा आणि त्यासाठी राखून ठेवलेल्या निधीचा. क्वीन मेरी २ ही २००४ ची आहे. ती निवृत्त होईल तेव्हा तिच्यासाठी धक्का, मालक आणि पैसा कुठून येणार हे तिच्या मालकांनी ती चालती असतानाच ठरवावं, असं त्यांना लिहिणारे प्रवासी जेवढे वाढतील तेवढे हवे आहेत.